तुम्ही विचारलंत म्हणून: ते त्यामुळेच झालं का?

"स्तनांत इम्प्लांट बसवल्यावर त्वचेचं काय झालं, आणि तब्येत त्यामुळेच बिघडली का?" हा प्रश्न मला नेहमी आवाज खाली घेऊन विचारतात. विचारणारीच्या डोक्यात शस्त्रक्रियेचा विचार घोळत असतो, नाहीतर ती होऊन गेलेली असते आणि रात्री झोप लागत नसते. (हो, मी हौसेनेच बसवले होते. आजाराचं कारण नव्हतं.)

त्वचेचं आधी सांगते. सुरुवातीला कातडी ताणलेली, चकचकीत होती आणि खालच्या भागाला स्पर्शच कळेना. कपडा घासला तरी दुसऱ्याच्याच अंगाला घासल्यासारखं वाटायचं. काही आठवड्यांनी आरशासमोर हात वर केला, तर स्तनाखालून पोटाकडे कातडीखाली एक दोरी ताणून उभी राहिली. दाबली तर दुखली. माझी पाचावर धारण बसली. डॉक्टर म्हणाले, वरवरच्या शिरेत गुठळी होऊन ती कडक झालीय, याला मोंडोर म्हणतात, आपोआप जाईल. गेलीसुद्धा. पुढे वजन उतरलं तेव्हा वाकल्यावर बाजूला लाटा दिसू लागल्या. त्या आतल्या पिशवीच्या घड्या होत्या, पातळ कातडीतून उमटलेल्या.

मग डावी बाजू आवळत गेली. परक्या वस्तूभोवती शरीर स्वतःचा पापुद्रा विणतं, तो बहुतेकींचा मऊ राहतो. माझा आक्रसला. डॉक्टर याच्या 4 पायऱ्या मानतात. मी तिसरीवर होते, म्हणजे स्तन कडक, आकार बिघडलेला, पण दुखणं फारसं नाही.

आता प्रश्नाचा दुसरा अर्धा. पाचव्या वर्षी स्तनांखालच्या घडीत लाल पुरळ आलं, सकाळी बोटं आखडू लागली, दुपारपर्यंत अंगात त्राण उरेना. एका डॉक्टरांनी तपासायच्या आधीच 'टेन्शन' लिहून टाकलं. तो राग अजून गेलेला नाही. उलट अशाही बायका भेटल्या, ज्यांना प्रत्येक पुटकुळी इम्प्लांटमधल्या सिलिकॉनचीच वाटायची. त्यांच्याशीही माझं पटलं नाही, कारण थायरॉइड बिघडलं तरी असाच थकवा येतो आणि पाळी जायच्या वयात सांधेही असेच धरतात. ते आधी तपासून घ्यावं लागतं, कारण इम्प्लांटमुळे आजारी पडलात असं सिद्ध करणारी रक्ततपासणीच नाही.

मोठ्या संस्थांचाही प्रवास सरळ नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने 1992 मध्ये सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध आणले. 1999 मध्ये तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं की, त्यांच्यामुळे संधिवातासारखे आजार होतात असा पुरावा सापडत नाही. 2006 मध्ये ते परत बाजारात आले. आणि 2021 मध्ये एफडीएने चौकटीतल्या इशाऱ्यात लिहायला लावलं की इम्प्लांट जन्मभराचे नसतात, आणि अनेकींनी थकवा, सांधेदुखी अशा तक्रारी नोंदवल्या आहेत. म्हणजे बायकांचं म्हणणं कागदावर आलं, कारण मात्र सिद्ध झालं नाही.

एका बाबतीत मात्र मी विचारणारीला थांबू देत नाही. शस्त्रक्रियेला वर्षं उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली, आत पाणी साचलं किंवा गाठ लागली, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. पापुद्र्यात होणारा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, दुर्मीळ आहे, आणि तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये त्याला वेगळा आजार म्हणून नोंदवलं. साचलेलं पाणी नुसतं काढून फेकायचं नाही, त्याची सीडी30 तपासणी, म्हणजे या लिम्फोमाची खूण शोधणारी तपासणी, करून घ्यायची. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि पापुद्रा पूर्ण काढल्यावर बहुतेकींचं भागतं. म्हणूनच इम्प्लांटचा प्रकार आणि नंबर लिहिलेलं कार्ड जपून ठेवायचं. माझं कार्ड मी बिलांच्या गठ्ठ्यात हरवून बसले होते, ते शोधण्यात तीन दिवस गेले.

नवव्या वर्षी मी दोन्ही काढून टाकले. कातडी सैल पडली, व्रण राहिले. थकवा बराच उतरला, बोटं अजूनही आखडतात. पुरळ दोन महिन्यांत गेलं. पण स्तनांखालची ती खोल घडीच गेली, तिथे साचणारा घामही गेला. मग पुरळ सिलिकॉनचं होतं की घामाचं? मी माझ्या त्वचेच्या डॉक्टरांना हेच विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा आलं तर कळेल."

अजून आलेलं नाही.