नोंदणीचा करार

मागच्या वर्षी जाऊबाईंनी लेकासाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातून खासगी शाळेत मोफत प्रवेशाचा, अर्ज भरला. भाडेकरार होता, पण नोटरीचा. पडताळणीत तो बाद झाला आणि लॉटरीत लागलेली जागा गेली. पोरगं नव्या दप्तराची वाट बघत बसलं होतं. आपल्या पोरीचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

आम्ही बार्शीत २,५०० रुपये भाड्याच्या एका खोलीत राहतो. मी मार्केट यार्डात धान्य निवडते, हे हमाली करतात. रेशनकार्ड गावाकडचं, लाइटबिल घरमालकीण मावशींच्या नावावर. म्हणजे पत्त्याच्या पुराव्यासाठी आमच्याकडं एकच वाट उरली: दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला भाडेकरार. तोही ११ महिन्यांचा किंवा जास्तीचा, आणि अर्ज भरायच्या आधी केलेला.

मावशींनी तर हातच जोडले. "बाई, उद्या तू कूळ लागलीस तर म्हातारपणी मी कुणाच्या दारात जाऊ?"

मला राग आला नाही. दोन खोल्यांच्या भाड्यावरच त्यांचं औषधपाणी चालतं. तीन संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसले. म्हटलं, हा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे, मुदत संपली की खोली सोडायची, यात कूळ लागत नाही. उलट १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाचीच आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत आधी भाडेकरूचंच म्हणणं धरतात. मावशींनी पुतण्याला फोन लावला. तोही तेच म्हणाला, तेव्हा त्या तयार झाल्या.

नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये; खेड्यात ती ५०० आहे. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे आमचा शंभराच्या आसपास. वर ऑनलाइन करून देणाऱ्याचे पैसे. सगळं मीच भरलं. चार-पाच दिवसांची मजुरी त्यात गेली.

अंगठ्याचं यंत्र घेऊन ऑनलाइन करून देणाऱ्याकडचा मुलगा घरीच आला. मावशींचा अंगठा लगेच लागला, माझा लागेना. धान्य निवडून रेषाच झिजल्यात. हात धुऊन, पुसून एकेक बोट ठेवत गेले. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं.

पोरगी आता शाळेत जाते. परवा मुदत संपत आली, तर मावशी आपणहून म्हणाल्या, "या खेपेला ३ वर्षांचाच कर. दर वर्षी कशाला हजार घालवतेस?"