रेडिएशनची जखम आणि पोटावरची चरबी

आजचा दिवस कॅन्सरसाठी दिलेल्या रेडिएशनच्या जुन्या जखमांपाशीच गेला. जखमेभोवतीची कातडी बोटाला चामड्यासारखी लागते, चिमटीत येतच नाही. किरणांमुळे बारीक रक्तवाहिन्या बुजलेल्या असतात, म्हणून नुसत्या ड्रेसिंगने जखम महिनोन्महिने तशीच राहते.

अशा ठिकाणी रुग्णाचीच चरबी टोचून उपयोग होतो, हे इटलीत प्लास्टिक सर्जन रिगोत्ती आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलं. चरबीतल्या मूळपेशी (स्टेम सेल) नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात असं मानतात.

पोटाच्या कातडीखालची चरबी १० मिलीच्या सिरिंजने हलक्या हाताने ओढायची. जोर केला की पेशी फुटतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ३ मिनिटं. वर पिवळं तेल, खाली रक्तमिश्रित पाणी, दोन्ही टाकायचं. मधला थर तेवढा आपला.

खरा कस ही चरबी जखमेत भरताना लागतो. १ मिलीची सिरिंज, बोथट कॅन्युला (टोक नसलेली पोकळ नळी), आणि ती मागे घेत घेत जखमेच्या कडेने व तळाखाली अगदी थोडी थोडी चरबी सोडायची. एका जागी गोळा पडला की आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, त्या मरतात आणि तेलाची गाठ होते. कडक कातडीत कोंबलं तर दाबाने उरलासुरला रक्तपुरवठाही जातो. बरीचशी चरबी विरते, त्यामुळे साधारण ३ महिन्यांनी पुन्हा भरावी लागते.

पण आधी बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणी, कळकळीने सांगतो! न भरणाऱ्या जखमेत कॅन्सर परतलेला असू शकतो. आणि हाड उघडं पडलं असेल तर चरबीवर विसंबू नका, तिथे फ्लॅपच, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह आणलेला मांस-कातडीचा तुकडाच लागतो.