बोट हलकी करायला दुष्काळी तालुक्यात

आमची एंटरप्राइज, म्हणजे दोघांनी चालवायची शिडाची छोटी बोट, काट्यावर 107 किलो भरली तेव्हा माझा क्रू, म्हणजे बोटीवरचा जोडीदार, म्हणाला, "काटा बिघडलाय." दुसरा काटा आणला. 107च. या क्लासमध्ये, म्हणजे या प्रकारच्या बोटींच्या शर्यतीत, नुसता हल (बोटीचा सांगाडा) किमान 94 किलोचा लागतो, त्याहून हलका भरला तर शिसं ठोकून वजन पुरं करावं लागतं. म्हणजे घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो, जवळपास तेवढं फुकटचं ओझं घेऊन आम्ही गेटवेसमोर रेसा लावत होतो आणि मागे पडलो की वाऱ्याला शिव्या देत होतो.

मे संपता संपता बोटी पाण्याबाहेर येतात आणि पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून राहतात. रिकामं डोकं आणि चार महिने हातात. पहिली कल्पना हेलियमची. बोट उलटली तरी बुडू नये म्हणून आत हवेच्या बॅगा असतात. त्यांत फुगेवाल्याकडचा हेलियम भरायचा! मी हिशेब मांडला. लिटरमागे उचल जेमतेम एक ग्रॅम. आमच्या बॅगा मिळून अडीचशे लिटरच्या. म्हणजे पाव किलो, दोन मोठे बटाटे. तेही गॅस टिकला तर, आणि हेलियम कशातूनही निसटतो.

मग भोकं पाडायची टूम निघाली. एक अख्खी संध्याकाळ ड्रिल चालवून टिलरला, म्हणजे सुकाणू फिरवायच्या दांड्याला, अकरा भोकं पाडली. चुरा भरला 14 ग्रॅम. टिलर जरा वाकवून बघितलं, तर नेमकं सहाव्या भोकावर कडकन मोडलं.

(मजा अशी की जोराच्या वाऱ्यात माणूस जड असलेला बरा. बाहेर लटकून बोट सपाट धरायची, म्हणून जुने लोक मुद्दाम भिजवलेले जाड स्वेटर घालायचे. आता त्यावर नियम आहे: सगळे कपडे भिजवून, मिनिटभर निथळून काट्यावर ठेवतात आणि साधारणपणे आठ किलोच्या आतच चालतात.)

खरा चोर दुसराच निघाला. ब्रिटिश बोट-डिझायनर जॅक होल्टने 1956च्या सुमाराला ही बोट काढली ती लोकांनी घरी बसून बांधावी म्हणून, त्यामुळे जुन्या बोटी प्लायवूडच्या. आमचीही तशीच, आम्ही तिचे तिसरे मालक. खरवडायला घेतली तेव्हा पांढऱ्या रंगाखाली निळा, निळ्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा पांढरा. खपल्या आणि जुनं पुटीन गोळा करून तोललं, 3.4 किलो. आणि उघड्या लाकडात ओल मोजायच्या यंत्राचे दोन खिळे टोचले तर आकडा आला 24 टक्के. वर्षानुवर्षांचा पावसाळा त्या प्लायवूडने पिऊन ठेवला होता.

पण जुलैत मुंबईत लाकूड वाळवणार कसं? इथे चादर वाळत नाही. तेव्हा क्रूच्या तोंडून निघालं, "तुझे मामा माणमध्ये ना?"

माण म्हणजे साताऱ्याचा दुष्काळी तालुका, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. ट्रेलरला बोट बांधली, फलटण सोडलं, मोगराळे घाट चढून दहिवडीकडे वळलो. मामा दारातच उभे. बोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आरं, पाण्याची नाव आन् हितं आणलीस व्हय?" एका म्हाताऱ्याने विचारलं, जिहे-कठापूर उपसा योजनेचं पाणी एवढं आलं का.

मी बोट अंगणात उन्हात ठेवणार होतो. मामांनी हात धरला. "उन्हात कांदा करपतो, वरनं वाळतो अन् आतनं नासतो. हिलाबी सावली पायजे अन् खालनं वारं." त्यांची कांदाचाळ त्या वर्षी अर्धी रिकामी होती. खालून फळ्यांच्या फटी, दोन्ही बाजूंना जाळी, पश्चिमेचा वारा आरपार. बोट तिथे उलटी ठेवली. पुढे कळलं, प्लायवूडचं तेच शास्त्र आहे: घाईने वाळवलं की पापुद्रे सुटतात.

सात आठवडे मामा दर रविवारी फोनवर आकडा सांगायचे. 21. 18. 15. चौदाला पोचल्यावर तीन आठवडे तिथेच अडला, मग 13. मामाच माझ्यापेक्षा जास्त बेचैन झाले होते.

वाळून पावणेसहा किलो गेले. जुने ब्रासचे फिटिंग काढले, त्याचा सव्वा. लाकूड पुन्हा पाणी पिऊ नये म्हणून आतबाहेर इपॉक्सी आणि वर रंग चढवला, त्यात पावणेदोन परत आले. शेवटी काटा 98वर थांबला. चार किलो अजून जास्तच आहेत, ते कुठे दडलेत माहीत नाही.

परत निघताना मामांनी बोटीत दोन पोती कांदा टाकला. "रिकामी कशाला न्यायची?" ऑक्टोबरच्या पहिल्या रेसला बोटीला अजून कांद्याचा वास होता. बारा बोटींत पाचवे आलो, आणि मामांना फोन केला तर म्हणाले, "आता पुन्यांदा भिजवू नगंस."