आमची वाटचाल : माळकऱ्याच्या बागेतली शिराझ

दिंडोरी तालुक्यात आमची आठ एकर थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षाची बाग. वडिलांचं, अण्णांचं, आयुष्य मणी फुगवण्यात गेलं. विरळणी करा, जीएत, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात, घड बुडवा, पुन्हा बुडवा. 2005 साली मी दीड एकरात शिराझ, लाल वाइनचं द्राक्ष, लावायचं काढलं, तेव्हा ते म्हणाले, "मणी मोठा करायला चाळीस वर्षं घातली. आता तू म्हणतोस, बारीक मण्याला पैसे मिळतात?"

मिळत होते. 2001 साली राज्याचं वाइन धोरण आलं, नाशिकभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि करारावर माल उचलू लागल्या. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी बारीक असला की रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून जीए नाही, पाणीही हात राखून. अण्णांना ती बाग आजारी वाटायची.

2008 च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांतला खप आटला. आमच्या करारातल्या वायनरीने पुढच्या हंगामात निम्माच माल उचलला. शेजाऱ्यांनी त्याच खुंटांवर पुन्हा थॉमसनचं कलम भरलं. आमची शिराझ वाचली ती काही दूरदृष्टीमुळे नाही, ऐन वेळी मजूर मिळाले नाहीत म्हणून.

मग 2012 त स्वतःचीच छोटी वायनरी काढली. घरात माळकरी वडील आणि आवारात वाइनच्या टाक्या! गावाने नावं ठेवायची ती ठेवली.

पहिल्याच हंगामात आपटलो. लाल वाइन सालीसकट आंबते आणि आंबताना स्वतःच तापते. पारा 25 ते 28 अंशांच्या आसपास धरून ठेवावा लागतो. एका रात्री लाइट गेली, चिलर बंद. पहाटे टाकीला हात लावला तर तापकऱ्याचं कपाळ. 38 अंश. यीस्ट मेलं, साखर अर्धवट राहिली, आठवड्यात व्हिनेगरचा वास सुटला. दोन हजार लिटर खड्ड्यात ओतले. लेबलं छापायला ठेवलेल्या पैशांतून आधी जनरेटर घेतला.

या हवेत वाइन कशी होते, असं पाहुणे विचारतात. युरोपातली वेल थंडीत पानं गाळून झोपते. आपली वर्षभर जागी, म्हणून तिला दोनदा छाटायचं : एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ दुसऱ्या छाटणीचंच घ्यायचं. मग मण्यात पाणी उतरतं, म्हणजे तो पिकायला लागतो, ते थंडीत. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली, अशी बातमी आली की मणी तडकतील म्हणून अण्णांची झोप उडते आणि मी खूश. गार रात्री आंबटपणा धरून ठेवतात. फेब्रुवारी तापला की साखर धावत सुटते, आंबटपणा गळतो, आणि वाइन नुसती कडक होते, चव सपाट.

आमच्या शिराझला काळ्या मिरीचा वास आहे, मागे जांभळासारखी तुरट जीभ. मटणाबरोबर छान. मिसळीबरोबर घेऊ नका, तर्रीपुढे ती हरते. आणि रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

तोडणी कधी करायची, यावर मात्र दर वर्षी वाद. साखर आधी भरते, बी मागून पिकते. परवा साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 23.5 ब्रिक्स दाखवत होता, आभाळही भरून आलेलं, आणि मी पहाटेच्या तोडणीला माणसं सांगून बसलो होतो. अण्णा बागेत आले. वाइनचा थेंब त्यांनी आजवर तोंडात घेतलेला नाही. एका घडाच्या पोटातला मणी काढून चावला, बी दाताखाली फोडलं, तळहातावर थुंकून पाहिलं. अजून हिरवट होतं.

"चार दिवस थांब," म्हणाले आणि हरिपाठाला निघून गेले.

मी माणसांना फोन लावला.