चौदावा बोल्ट

पावसाळा लागला की हर्णैच्या कित्येक नौका आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला येतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि नौकेची जी काही दुखणी असतील ती त्या अवधीत काढून घ्यायची, असा किनाऱ्यावरचा रिवाज आहे. माझ्या थोरल्या भावाच्या नौकेचे दुखणे यंदा इंजिनात होते. गेल्या हंगामाच्या अखेरीस धूर पांढरा येऊ लागला, इंजिन गार ठेवणारे पाणी रोज तांब्या-दोन तांबे कमी होऊ लागले आणि टाकीचे झाकण उघडले की आत बुडबुडे दिसू लागले. हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधला पातळ थर, गेले आहे, हे सांगायला फिटर लागत नव्हता. हेड उतरवायला मात्र लागत होता. आमच्याकडे येणारे फिटरमामा सत्तरीच्या घरातले आहेत. मी निवृत्त शिक्षक, हाताशी वेळ भरपूर, म्हणून त्यांचा मदतनीस झालो.

हेडला १८ बोल्ट होते. सैल करताना कडेकडून मध्याकडे यायचे आणि आवळताना मध्यापासून कडेकडे जायचे, म्हणजे हेड वाकत नाही, एवढे सांगून मामांनी पाना माझ्या हाती दिला. नीट सुटणारा बोल्ट पहिल्या हिसक्याला ‘कट्’ असा कोरडा आवाज करतो आणि मग निमूटपणे फिरू लागतो. तेरा बोल्ट असे सुटले. चौदाव्याने आवाज केला नाही. पाना आधी दगडासारखा अडला आणि मग बरक्या फणसात बोट शिरावे तसा मऊ पुढे गेला. सुटला म्हणून मी मनात खूष झालो. मामा इंजिनाच्या पलीकडे बसून तंबाखू मळत होते, पाना नव्हे, माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “मास्तर, थांबा!” तोवर पाव फेरा अधिक झाला होता. बोल्टचे डोके सॉकेटमध्ये अडकून अलगद माझ्या हातात आले.

तो तुटलेला भाग मी उजेडात धरून पाहिला. तुटल्या जागेचा बहुतेक भाग काळपट तपकिरी होता, म्हणजे तिथे गंज फार पूर्वीच पोचला होता. एका कडेला तेवढी चतुर्थीच्या चंद्रासारखी कोर ताज्या राखाडी धातूची होती, चकाकणारी. इतके दिवस हा बोल्ट त्या कोरेच्या बळावर उभा होता आणि मी तीच पिळून तोडली होती. मला वाटलेल्या अपराधाचे मामांना काही विशेष वाटले नाही. “तुमच्या हातून आज डोकं निघालं एवढंच. बोल्ट मेला होता कधीचा,” असे म्हणून त्यांनी तंबाखूची गोळी गालात सारली.

नौकेच्या आधीच्या मालकाने काही हंगाम या इंजिनाला गोड्या पाण्याऐवजी खारे पाणी पाजले होते, असे आम्हांला नंतर कळले. गॅस्केटमधून ते पाणी बोल्टच्या छिद्रात झिरपले आणि आट्यांपर्यंत उतरले. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. छिद्रात ती जागा नसते, म्हणून तो आट्यांमध्ये ठासून बसतो. बोल्ट वर बारीक होत गेला आणि खाली घट्ट होत गेला.

‘तुटेपर्यंत ताणू नये’ हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेन, याची गणती नाही. बोल्टच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, हे मला या इंजिनाजवळ बसून समजले. हेडचा बोल्ट खिळ्यासारखा नुसता अडकून बसत नाही. आवळला की तो केसभर लांबतो आणि पुन्हा आखडण्याची त्याची जी ओढ असते, तीच हेडला ब्लॉकवर दाबून धरते. ही ओढ काही थोडीथोडकी नसते. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात ८० बारचा (हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट) दाब झाला, तर हेडला वर उचलणारा जोर ६ टनांच्या पुढे जातो आणि मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर हा धक्का मिनिटाला ७५० वेळा देतो. न ताणलेला बोल्ट इथे काय कामाचा? ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा आपल्याकडे फार वाखाणला जातो, परंतु हेडच्या बोल्टने तो बाळगला तर नौका भर समुद्रात बंद पडेल.

हेड उतरल्यावर ब्लॉकच्या वर जेमतेम ६ मिलिमीटरचे थोटूक उरले. मामांनी त्यावर गंज सोडवणारे तेल सोडले आणि दोन दिवस ते तोंडही दाखवायला आले नाहीत. त्या दोन दिवसांत मी तालुक्याला जाऊन मोठ्या हौसेने ईझी-आउटचा संच आणला. थोटकाच्या मधोमध भोक पाडायचे, त्यात हा उलट्या आट्यांचा सुळा ठोकायचा आणि उलटा फिरवायचा. मामांनी तो सुळा उलटसुलट करून पाहिला आणि खोक्यात परत ठेवला. हे पोलाद अतिशय कडक, म्हणून ठिसूळ. जाम झालेल्या बोल्टमध्ये तो मोडला तर त्याला ड्रिलही लागत नाही, आणि मग एका दुखण्याची दोन होतात. माझे पैसे गेले, पण मामांचे म्हणणे मला पटले.

त्यांनी वेल्डिंगचा मार्ग धरला आणि वेल्डिंगसाठी पावसाची उघडीप हवी होती. झापांनी शाकारलेल्या नौकेवर आणखी प्लास्टिक ओढून आम्ही दीड दिवस खाडीवरचा पाऊस पाहत बसलो. उघडीप मिळताच मामांनी सिलिंडरांवर ओली गोणपाटे टाकली, अर्थिंगचा चिमटा थोटकाच्या अगदी जवळ ब्लॉकलाच लावला (तो लांब लावला तर करंट बेअरिंगांतून जाऊन ती खराब होतात) आणि थोटकावर मोठ्या भोकाचा नट ठेवून तो आतून वेल्डिंगने भरून काढला. पहिला नट पाना लावताच निघून आला. दुसरा नट पक्का बसला. तो लाल असतानाच मी पाना उचलला, तेव्हा मामांनी माझे मनगट धरले. तापलेले थोटूक फुगून आट्यांतला गंज चिरडते आणि निवताना आखडून जागा सोडते, म्हणून निवू देणे हेही कामच असते. लाली उतरल्यावर त्यांनी थोटकाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली आणि वितळलेले मेण त्या अदृश्य फटीत आपसूक ओढले गेले. मग पाना: एक अष्टमांश फेरा पुढे, तेवढाच मागे, पुन्हा पुढे. पाऊण तासाने थोटूक करकरत वर आले, तेव्हा त्याच्या आट्यांत तपकिरी भुकटी आणि मेण यांचा चिखल भरलेला होता.

पुढचे काम सोपे, पण चुकवण्यासारखे नव्हते. आवळताना पान्यावर लावलेल्या जोराचा सुमारे नऊ दशांश भाग घर्षणातच जातो आणि जेमतेम एक दशांश बोल्टला ताणतो. आटे गंजके राहिले तर टॉर्क पाना (ठरवलेला जोर झाला की ‘कट्’ करणारा) पुरा आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र अर्धवट ताणलेला राहतो. म्हणून अठराही छिद्रांतून १२ मिलिमीटरचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवला आणि हवेने ती साफ केली, कारण बंद छिद्राच्या तळाशी तेल साचले तर बोल्ट आवळताना ते दबत नाही आणि ब्लॉकच तडकतो. बोल्ट एकच तुटला होता, तरी मामांनी अठरा नवे आणायला लावले. दादा खर्चावरून कुरकुरला. दुकानदाराने दिलेल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिले होते. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि मला १०.९ आणायला परत पिटाळले. पहिला आकडा तुटण्याची ताकद सांगतो, दुसरा त्या ताकदीच्या कितव्या हिश्शाला बोल्ट कायमचा लांबू लागतो ते सांगतो. हेडला दोन्ही लागतात.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन चालू झाले. धूर निवळला, टाकीत बुडबुडे दिसले नाहीत. इंजिन पुरते निवल्यावर मामांनी टॉर्क पाना माझ्याकडे दिला आणि आम्ही मधल्या बोल्टपासून पुन्हा एकदा आवळत निघालो. चौदाव्यापाशी माझा हात आपोआप जड झाला. पाना अडला, ताणला आणि मी त्या फणसासारख्या मऊपणाची वाट पाहत राहिलो. पान्याने ‘कट्’ केले.

“झाला तो,” मामा म्हणाले. “पंधरावा घ्या.”