आमची वाटचाल : घोडी, पडदे आणि पाच गिऱ्हाइकं

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहराजवळ आमचं तंतुवाद्य दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी मूळचा मिरजेचा. आमचं घर सतारमेकरांचं नव्हे, पण शाळा सुटली की त्यांच्याच दुकानात जाऊन बसायचो. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस कशी फिरवायची, ती घासून तारेला झणझणीत गुंज कशी आणायची, म्हणजे जवारी कशी काढायची, हे तिथे शिकलो. बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो, आधी एका गिटारच्या दुकानात हात काळे केले आणि मग स्वतःचं थाटलं. हिशेब बायको बघते, म्हणून दुकान टिकलंय. गंमत अशी, की मिरजेत जी झणझण तारेतून काढायला शिकलो, ती घालवायचे इथे पैसे मिळतात.

२०१३ साली ब्लूग्रासवाल्यांचा, म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिनवर चालणाऱ्या इथल्या लोकसंगीताच्या मंडळींचा, मोठा वार्षिक मेळा नॅशव्हिलहून रॅलेला आला आणि आमच्याकडेही गर्दी व्हायला लागली. पण मेळ्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येणार. बारमाही काम दिलं ते इथल्याच एका पाच जणांच्या बँडने. पाचही जण नोकरी-धंदा सांभाळून वाजवणारे. त्यांची वाद्यं हाताळता हाताळता एक गोष्ट पक्की कळली : वाद्य टेबलावर घेतलं, की वाजवणारा कुठे शिकलाय ते दिसतं. मग दुरुस्तीही त्या हिशेबाने करावी लागते.

बँजोवाला शेल्बीकडचा. अंगठा आणि दोन बोटांत नख्या घालून बँजो वाजवण्याची पद्धत ज्याने जगभर नेली, तो अर्ल स्क्रग्जही त्याच क्लीव्हलंड काउंटीतला. जन्म १९२४ चा. महायुद्धाच्या काळात शेल्बीच्या सूतगिरणीत राबला आणि डिसेंबर १९४५ मध्ये ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये गेला. आमच्या गड्याचे आजोबाही गिरणी कामगार. लालबाग-परळच्या चाळींत पाळी संपवून आलेली माणसं भजनाला बसायची, तसे हे आजोबा पाळीवरून आले की स्वयंपाकघरात बँजो घेऊन बसायचे. नातू तिथेच शिकला, पण नोटेशन त्याला आजही वाचता येत नाही. आजोबांचाच बँजो तो वाजवतो. पूर्वी त्यावर वासराचं कातडं होतं, दमट हवेत सैल पडायचं. आता कातड्याच्या जागी प्लास्टिक आहे. बँजोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी पाचव्या पडद्यापाशी (पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, सतारीला असतात तसे), मानेच्या कडेलाच. वरच्या पट्टीत जायचं तर कॅपो, म्हणजे मानेवर लावायचा चिमटा, बाकीच्या चार तारा दाबतो, ही तशीच राहते. म्हणून खेळण्यातल्या रेल्वेरुळांचे इवलेसे खिळे सातव्या आणि नवव्या पडद्याजवळ ठोकतात आणि तार त्यांच्याखाली अडकवतात. आजोबांच्या बँजोच्या मानेला भोक पाडायचं म्हणजे माझाच घाम निघाला.

फिडलवाली अगदी उलट. फिडल म्हणजे व्हायोलिनच, लोकसंगीतात वाजवलं जाणारं. लहानपणापासून सुझुकी या जपानी शिकवण्याच्या पद्धतीने व्हायोलिन शिकलेली, मग शाळेचा ऑर्केस्ट्रा, समोर कायम कागद. बँडमध्ये आली तेव्हा सूर चोख, पण दोन तारा एकदम वाजवताना अडखळायची. दोष हाताचा नव्हता. ऑर्केस्ट्राच्या व्हायोलिनची घोडी चांगली गोलाकार असते, कारण गज एकाच तारेवर पडायला हवा. फिडलच्या चालींत शेजारची तार सतत सोबत गुणगुणत असते, म्हणून अनेक फिडलवाले घोडी चपटी मागतात. घोडी एकदम चपटी केली तर हिचा गज नको त्या तारेला लागायचा. मग थोडीशी घासायची, आठवडाभर वाजवून बघायची, पुन्हा घासायची, असं करत तिच्या हाताला बसेल तिथे थांबलो. जुनी घोडी तिने जपून ठेवलीय. लग्नात मोझार्ट वाजवायची सुपारी आली, की ती चढवायला येते.

मँडोलिनवाली बाप्टिस्ट चर्चच्या गायनातून आलेली. दुसरा आवाज कुठे धरायचा ते तिला कुणी सांगावं लागत नाही. या बँडमध्ये ढोल नाही, ते काम मँडोलिनच्या तुटक ठोक्याचं. ती ठोकते जोरात, म्हणून तारा जरा उंच ठेवतो. गिटारवाला रॉकमधून आला, त्याला आधी जाड तारांची सवय लावावी लागली. बासवाला जॅझचा. एवढं शिकून दोन सुरांवर बसवलंय, अशी त्याची कायमची तक्रार.

‘खरं ब्लूग्रास हे नव्हे’ म्हणणारे कट्टर लोक दुकानात येतातच. मी वाद घालत नाही, गिऱ्हाईक आहे. पण मन्रो स्वतः घडला तो फिडल वाजवणाऱ्या मामाकडून आणि आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाकडून. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलं म्हणून मँडोलिन त्याच्या वाट्याला आलं. बँजो तर गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांचा. यात शुद्ध कुठलं शोधायचं?

२०२५ पासून मेळा टेनेसीतल्या चॅटनूगाला गेला, सप्टेंबरची झुंबड संपली. गल्ल्यात फरक पडला, नाही असं नाही. मात्र बँडमधले दोघे आता शिकवण्या घेतात आणि त्यांची मुलं छोटी छोटी वाद्यं घेऊन आमच्याकडे येतात. इथल्या मराठी मंडळींचे तानपुरेही असतातच. जवारी काढून हवी असेल, तर गणपतीच्या महिनाभर आधी वाद्य आणून द्यावं. आदल्या दिवशी फोन करू नये, बायको उचलते.