दफेदार काका आणि सोम्यूरचे पूल

फ्रान्सच्या टूरमध्ये सोम्यूर म्हणजे अर्ध्या दिवसाचा मामला. लुआर नदीकाठचा पांढराशुभ्र किल्ला, मग दगडात कोरलेलं वाइनचं तळघर, की बस पुढे. टूर मॅनेजर म्हणून मला हे सगळं पाठ झालंय. त्या खेपेला मात्र ग्रुपमध्ये नगरचे एक निवृत्त दफेदार (रणगाडा दलातले हवालदार) होते, ऐंशीला टेकलेले. आदल्या रात्रीच म्हणाले, "ताई, वाइन नको. इथं रणगाड्यांचं म्युझियम आहे, तेवढं दाखवा."

नगरला तर लष्कराच्या रणगाडा दलाचं केंद्रच; तिथल्या माणसाला रणगाड्यांना नाही कसं म्हणणार? वाइनवाल्यांना स्थानिक गाइडच्या हवाली केलं आणि उरलेल्यांना घेऊन निघाले.

आत जर्मनांचा अजस्र किंग टायगर आहे, अजून स्वतःच्या इंजिनावर चालणारा. सगळे त्याच्यापुढे फोटो काढत होते. काका थांबले ते छोट्याशा एएमएक्स-१३ पाशी. "ह्याच्यावर मी गनर होतो." फ्रेंच बनावटीचे हे हलके रणगाडे आपण १९६२ मध्ये विमानातून लडाखमधल्या चुशूलला चढवले, १९६५ ला जम्मूकडच्या छांबमध्येही लढवले. तोफेबरोबर बुरुजाचा वरचा अर्धा भागच खालीवर होतो. मागं सहा-सहा तोफगोळ्यांची दोन चक्रं. "बारा गोळे संपले की बाहेर येऊन भरायचे, वर शत्रू गोळ्या घालतोय! आणि आत जागा इतकी कमी, की बुटकी पोरंच घ्यायचे. म्हणून तर माझा नंबर लागला." तिथला कर्मचारी जवळ आला. मी दुभाष्या झाले, पण दोघांना माझी फारशी गरज नव्हती. हातवारे पुरत होते.

मग पुलावर गेलो. नदीत मधोमध बेट, त्यामुळे पूल दोन तुकड्यांत. इथली घोडदळाची शाळा फ्रान्सभर नावाजलेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसलेल्या असताना, १७ जून १९४० ला फ्रान्सचे नवे पंतप्रधान पेतँ यांनी रेडिओवरून लढाई थांबवायला हवी असं सांगितलं. तरीही शाळेचे प्रमुख कर्नल मिशों यांनी नदी सोडली नाही. शिकाऊ पोरं, शिकवण्यासाठी ठेवलेली हत्यारं, समोर जर्मनांची घोडदळ डिव्हिजन. पूल उडवले, तरी जर्मन रबरी होड्यांतून उतरले. २० जूनपर्यंत सगळं आटोपलं. मेलेल्यांत शाळेबाहेरचेही होते. झेआँ आलँ हा २९ वर्षांचा ऑर्गनवादक संगीतकार त्यातलाच.

"२२ ला तह झाला ना?" एका काकूंनी विचारलं. "मग दोन दिवसांसाठी पोरं कशाला मारली?"

मलाही हे नेहमी खटकतं, आणि तसं मी बोलले. काका कठड्याला टेकून नदी बघत होते. "लेखी हुकूम नाही तोवर जागा सोडायची नसते. पण पोरं पुढं आणि उस्ताद मागं, असं होतं का?"

नव्हतं. जवळच्या जेन गावच्या बेटावर पोरांबरोबर लढताना लेफ्टनंट देप्ला मारले गेले, ते त्यांचे उस्तादच.

"मग ठीक," काका म्हणाले. काकूंना मुळीच पटलं नाही. पकडलेल्या पोरांना जर्मन सेनापती फेल्ट यांनी नंतर सोडून दिलं, हे सांगितल्यावर त्या आणखीच भडकल्या: शत्रूला कळलं ते आपल्या माणसाला का कळलं नाही? बस येईपर्यंत दोघांचं जुंपलेलं होतं, आणि वाइनवाली मंडळी चढल्यावर त्यांनाही त्यात ओढण्यात आलं.